एप्रिलात, जळगावात, ओव्हरक्लॉकिंग

कूलर ओढला आणि त्याच्यासोबत प्रोसेसर पण उपटून आला.

नीट सांगतो. ओव्हरक्लॉकिंग म्हणजे प्रोसेसर कंपनीने ठरवलेल्या स्पीडच्या वर पळवणं. त्याची तयारी म्हणून मी प्रोसेसरच्या डोक्यावरचा कूलर, म्हणजे त्याची गरमी खेचणारा धातूचा ठोकळा आणि पंखा, बदलायला घेतला होता. मदरबोर्डवर प्रोसेसर बसतो त्या एएम४ सॉकेटला बाजूला एक बारीक दांडी असते, ती खाली दाबलेली असली की प्रोसेसर आत लॉक आहे असं आपण समजतो, पण वरची थर्मल पेस्ट, म्हणजे गरमी कूलरपर्यंत पोचवणारा लेप, साडेपाच वर्षं तापून तापून डिंकासारखी झाली असेल तर त्या लॉकला कोणी विचारत नाही. मी स्टॉक कूलरचे, म्हणजे प्रोसेसरसोबतच आलेल्या कूलरचे, चारही स्क्रू सोडवले, दोन्ही हातांनी धरून सरळ वर ओढला, फट्ट आवाज आला, आणि कूलरच्या बुडाला चिकटून माझा रायझन ५ २६०० बाहेर. दांडी खाली तशीच लॉकमध्ये. या प्रोसेसरच्या पोटाखाली १३३१ पिना असतात, टाचणीपेक्षा बारीक, त्यातल्या एका कोपऱ्यातल्या चार पिना वाऱ्याने झोपलेल्या गव्हासारख्या आडव्या.

दोन मिनिटं मी काहीच केलं नाही, नुसता बघत बसलो. मग आप्पांचा वाचायचा चष्मा आणला, भाच्याच्या कंपासमधली ०.५ ची लेड पेन्सिल आणली, तिच्यातली लेड काढून टाकली, आणि त्या रिकाम्या टोकात एकेक पिन घालून हळू हळू सरळ करत गेलो. तीन पटकन झाल्या. चौथी मुळाशी वाकलेली, तिला तासभर गेला, कारण मागे-पुढे जास्त केलं की ती तुटते आणि तुटली की विषय संपला. शेवटी प्रोसेसर सॉकेटवर ठेवला तर स्वतःच्या वजनाने आत उतरला, तेव्हा कुठे जीवात जीव आला.

यातली खरी पद्धत मला नंतर कळली. कूलर काढायच्या आधी कॉम्प्युटरला दहा-पंधरा मिनिटं जड काम देऊन तापवायचं, मग बंद करून लगेच, पेस्ट मऊ असताना, कूलर डावीकडे-उजवीकडे थोडा थोडा फिरवत सोडवायचा आणि सुटला की मगच उचलायचा. सरळ ओढायचा नाही म्हणजे नाही.

आता हे सगळं कशासाठी. माझा आणि पार्टनरचा लग्नाच्या शूटिंगचा धंदा आहे, एडिटिंग माझ्याकडे. शेवटचा दोन तासांचा व्हिडिओ मी हँडब्रेक नावाच्या प्रोग्राममधून एक्स२६५ मध्ये, म्हणजे व्हिडिओ दाबून लहान करणाऱ्या एन्कोडरने, काढतो, पेनड्राइव्हवर मावायला पाहिजे आणि क्वालिटी पण पाहिजे म्हणून. हे काम पूर्ण प्रोसेसरवर चालतं, त्याचे सहाही कोअर, म्हणजे आतले हिशोब करणारे भाग, शंभर टक्के. एका व्हिडिओला १ तास ४८ मिनिटं. लग्नसराईत दिवसाला तीन-तीन असतात आणि त्यात लाईट गेली की पहिल्यापासून. मशीन २०१९ च्या दिवाळीतलं आहे. भाचा म्हणाला मामा नवीनवाला रायझन ५६०० टाका ना सरळ, बायोस, म्हणजे बोर्डातला मूळ प्रोग्राम, अपडेट केलं की याच बोर्डात बसतो. बरोबर आहे त्याचं, शहाणा माणूस तेच करेल. पण पैसे अडकलेले होते आणि खरं सांगायचं तर मला कधीपासून हे करून बघायची खाज होती.

खाज जुनी आहे. कॉलेजात एक सिनियर सांगायचा ते सेलेरॉन ३००ए बद्दल. १९९८ चा प्रोसेसर, स्वस्तातला, ३०० मेगाहर्ट्झचा. त्याची बस, म्हणजे मूळ ठोका, ६६ मेगाहर्ट्झची, आणि तिला गुणायचा आकडा, मल्टिप्लायर, ४.५ वर फिक्स होता. लोकांनी बस १०० वर नेली, झाले ४५०, आणि महागातल्या पेंटियमच्या तोंडाला फेस आणला. माझ्या डोक्यात ओव्हरक्लॉकिंग म्हणजे ते, फुकटात दीडपट. आता कंपन्याच प्रोसेसर एवढा ताणून विकतात की फुकटात तसं काही उरलेलं नाही, पण २६०० मध्ये थोडी जागा आहे. त्याचा बेस, म्हणजे नेहमीचा स्पीड, ३.४ गिगाहर्ट्झ, बूस्ट, म्हणजे जोर लावून, ३.९, पण तो ३.९ एखाद-दुसऱ्या कोअरवर काम असलं तर. सगळे कोअर कामाला लागले की माझ्याकडे तो ३.५५ च्या आसपास येऊन बसायचा, स्टॉक कूलरवर ८६ डिग्री, आणि पंख्याचा आवाज पिठाच्या गिरणीसारखा.

म्हणून नवीन कूलर. डीपकूलचा गॅमॅक्स ४००, उभा टॉवर, चार हीटपाइप, १२० एमएमचा पंखा. बायकोला सांगितलं होतं कूलर मागवलाय. एप्रिल महिना, जळगाव, ती बिचारी खूश. पार्सल आल्यावर म्हणाली, "अहो, कूलर आला म्हणता, एवढ्याशा खोक्यात?" पुढचं लिहीत नाही. शेवटी वाळ्याच्या पट्ट्यांचा मोठा कूलर पण घ्यावा लागला आणि गंमत म्हणजे ओव्हरक्लॉकिंगला खरा उपयोग त्याचाच झाला, ते येईल पुढे.

पेस्ट मटारच्या दाण्याएवढी, कूलर बसवला, मशीन चालू झालं. पहिल्या रात्री नुसता तो आनंद पुरला.

दुसऱ्या रात्री डिलीट दाबून बायोसमध्ये. आधी हिशोब समजून घ्या, एकदम सोपा आहे. बेस क्लॉक १०० मेगाहर्ट्झ, त्याला मल्टिप्लायरने गुणायचं. ४० टाकलं की ४००० मेगाहर्ट्झ, म्हणजे ४ गिगाहर्ट्झ. रायझन जवळजवळ सगळे अनलॉक असतात, बोर्ड तेवढा बी३५०, बी४५० किंवा वरच्या चिपसेटचा पाहिजे, ए३२० वर हे जमत नाही. मी ४० टाकलं, एफ१० दाबून सेव्ह, विंडोज चालू, स्पीड दाखवणाऱ्या सीपीयू-झेड मध्ये ४.० दिसलं. एवढंच? दहा सेकंदांचं काम? एवढ्यासाठी लोक तासतासभराचे व्हिडिओ बनवतात?

मग टेंपरेचर-व्होल्टेज दाखवणारं एचडब्ल्यूइन्फो उघडलं. व्होल्टेज १.४२.

ही पहिली चूक, आणि मला वाटतं नवीन माणूस दहातल्या नऊ वेळा हीच करतो. मल्टिप्लायर बदलला पण व्होल्टेज ऑटोवर तसंच ठेवलं. बोर्डाला काय, त्याला फक्त क्रॅश झालं नाही पाहिजे, तो आपला घाबरून भरपूर व्होल्टेज देऊन टाकतो, पाहुण्याला आग्रह करून करून वाढावं तसं. या पिढीच्या रायझनला सगळ्या कोअरवर लोड असताना १.३५ च्या वर जास्त जाऊ नका असं जाणकार सांगतात. तर व्होल्टेज मॅन्युअल करा, आकडा स्वतः टाका, आधी हे, मल्टिप्लायर नंतर.

आणि व्होल्टेजच का एवढं महत्त्वाचं, तर उष्णता स्पीडच्या प्रमाणात वाढते पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. समजा १.२ व्होल्टवर ३.६ चाललंय आणि तुम्ही १.३५ वर ४.१ केलं. स्पीड वाढला १४ टक्के. वीज आणि गरमी ढोबळमानाने ४४ टक्के. हे मी कागदावर करून बघितलं तेव्हा दोनदा तपासलं.

आप्पांना हे सांगितलं तर त्यांना हसू आलं. त्यांचं सगळं आयुष्य केळीच्या बागेत आणि मोटारीच्या रिवाइंडिंगवाल्याकडे गेलं. म्हणाले, "आपल्या विहिरीवरची मोटार व्होल्टेज कमी आलं की जळते, तुझं यंत्र जास्त दिलं की जळतं. उलटीच तऱ्हा." मग थोड्या वेळाने म्हणाले, "पण जळतं दोन्हीकडे गरमीनंच ना."

हो, गरमीनंच.

मधलं सगळं सांगत बसत नाही. ४.२ ला १.३५ दिलं तर स्क्रीनच आली नाही, पंखे फिरतायत, बोर्डावरचा छोटा लाल दिवा लागलाय आणि समोर काळोख. असं झालं की पहिल्यांदा माणूस घाबरतो, वाटतं गेला. काही गेलेलं नसतं. प्लग काढायचा, बोर्डावर बायोसची सेटिंगं पुसायच्या, क्लिअर सीमॉसच्या, दोन पिना असतात त्यांना स्क्रूड्रायव्हरचं टोक लावून शॉर्ट करायचं पाच-दहा सेकंद, किंवा गोल बॅटरी, सीआर२०३२, काढून दोन-चार मिनिटांनी परत बसवायची. मला पिना सापडल्या नाहीत म्हणून बॅटरी काढली. मशीन चालू झालं पण बायोसची तारीख कुठल्या कुठे मागे गेलेली, रॅमचं एक्सएमपी, म्हणजे जास्त स्पीडचं सेटिंग, बंद होऊन ती २१३३ वर आलेली, आणि ब्राऊझर प्रत्येक साईटला म्हणतोय तुमचं कनेक्शन प्रायव्हेट नाही. अर्धा तास मी इंटरनेटवाल्याला शिव्या घालत होतो, त्याची चूक नव्हती, माझ्या कॉम्प्युटरच्या मते ती सर्टिफिकेटं अजून जन्मालाच आली नव्हती.

४.१ ला १.३५ मात्र चाललं. सिनेबेंच आर२० या स्पीड मोजायच्या टेस्टमध्ये आधी २६४० यायचे ते ३०३१ आले. लागोपाठ तीनदा चालवलं, तीनदा पास. स्क्रीनशॉट काढला, पार्टनरला पाठवला, त्याचा मेसेज, "भो, भारी. आता कामाला लाव."

लावला. लग्नाचा व्हिडिओ १ तास ३४ मिनिटांत निघाला. चौदा मिनिटं वाचली. टेंपरेचर ८८-८९ जात होतं पण ९५ ची मर्यादा आहे ना, म्हटलं चालतंय. आठवडाभर असंच काम केलं, एकदाही हँग नाही, निळी स्क्रीन नाही. मला वाटलं झालं आपलं, जिंकलो.

मग एका पार्टीचा फोन. "भाऊ, पेनड्राइव्हमध्ये काहीतरी गडबड आहे, मंगलाष्टकांत नवरदेवाच्या तोंडावर हिरवे चौकोन येतायत."

मी म्हटलं टीव्हीचा प्रॉब्लेम असेल. नव्हता. माझ्याकडच्या फाईलमध्ये पण तेच. तिसऱ्या मंगलाष्टकाच्या मध्यात नवरदेवाच्या गालावर एक हिरवा चौकोन येतो, मग तो मुंडावळ्यांबरोबर सरकतो, फाटतो, अंतरपाटावर पसरतो, आणि सात-आठ सेकंदांनी एकदम सगळं स्वच्छ. मूळ शूटिंग बघितलं, तिथे काही नाही. प्रोसेसर स्टॉकवर आणून तोच व्हिडिओ परत काढला, स्वच्छ. म्हणजे कॅमेरा नाही, कार्ड नाही, सॉफ्टवेअर नाही. माझा ४.१.

हे कसं होतं ते समजल्यावर मला जास्त भीती वाटली. एक्स२६५ प्रत्येक फ्रेम पूर्ण साठवत नाही, आधीच्या फ्रेममधून काय सरकलं एवढंच लिहितो, आणि अधूनमधून एक पूर्ण कीफ्रेम टाकतो, साध्या सेटिंगला जास्तीत जास्त २५० फ्रेमनी, आपल्या २५ फ्रेमच्या व्हिडिओत म्हणजे दहा सेकंदांनी. मध्येच कुठेतरी प्रोसेसरने एक हिशोब चुकवला की ती चूक पुढच्या फ्रेममध्ये जाते, तिथून पुढच्या, आणि नवीन कीफ्रेम आली की थांबते. प्रोग्राम बंद पडला नाही, विंडोज काही बोललं नाही, फाईल तयार झाली. प्रोसेसरने छातीठोकपणे चुकीचं उत्तर दिलं, एवढंच.

मग प्राइम९५ टाकलं, जे पहिल्या दिवशी टाकायला पाहिजे होतं आणि मी आळस केला होता कारण सिनेबेंच पास होत होतं ना. हा प्रोग्राम मुळात या कामाचा नाहीच. १९९६ पासून जगभरातले हौशी लोक आपापल्या घरच्या कॉम्प्युटरवर मोठमोठ्या मर्सेन मूळसंख्या शोधतात त्याचा तो प्रोग्राम. २०१८ च्या डिसेंबरात त्यांना जी सापडली ती २ च्या ८२५८९९३३ व्या घातातून १ वजा, लिहायला बसलं तर २,४८,६२,०४८ आकडी. आता एवढ्या मोठ्या गणितात एक अंक चुकला तर सगळंच वाया, म्हणून त्या प्रोग्राममध्ये स्वतःची चूक पकडायची सोय आहे, आणि ओव्हरक्लॉकवाल्यांनी ती आपल्या कामाला लावली.

टॉर्चर टेस्ट, स्मॉल एफएफटी, चालू. अकराव्या मिनिटाला बारा खिडक्यांपैकी (एका कोअरच्या दोन) एकीत एररची ओळ. फेटल एरर, राउंडिंग वॉज ०.५, एक्स्पेक्टेड लेस दॅन ०.४. खाली, हार्डवेअर फेल्युअर डिटेक्टेड. बाकीच्या अकरा आपल्या चालूच.

या ओळीचा अर्थ मला फार आवडला. मोठे गुणाकार तो दशांशात करतो, पण उत्तर पूर्णांकच यायला पाहिजे. म्हणजे ६.९९ किंवा ७.०२ असं आलं तर ते ७ आहे हे कळतं, थोडंफार इकडेतिकडे चालतं. पण ७.५ आलं तर? सात का आठ? कोणीच सांगू शकत नाही. म्हणून ०.४ च्या पलीकडे गेलं की तो म्हणतो बास, या प्रोसेसरच्या गणितावर माझा विश्वास नाही. किराणावाल्याने बेरीज चुकवली तर आपण बिल परत फेकतो, आणि मी आठवडाभर हा माणूस गल्ल्यावर बसवून ठेवला होता.

तेव्हापासून माझं मत एकदम बदललं. नवीन लोक विचारतात किती वर क्रॅश होतो. क्रॅश झालेला बरा हो, तो निदान सांगून जातो. क्रॅश व्हायच्या खाली एक पट्टा असतो, जिथे सगळं चालतंय असं दिसतं, स्कोअर येतात, गेम चालतात, आणि आत कुठेतरी तासातून एकदा सात साडेसात होतात. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये बघितलं तर तिथे डब्ल्यूएचईए-लॉगर, म्हणजे हार्डवेअरच्या चुका टिपणारा, या नावाने पण दोन नोंदी पडलेल्या होत्या त्या आठवड्यातल्या. मी कधी उघडूनच बघितलं नव्हतं.

आता दोन रस्ते. व्होल्टेज वाढवा, किंवा स्पीड कमी करा. मी आधी अर्थातच वाढवलं, १.३७५, माणसाचा स्वभाव. प्राइमने पाच मिनिटांत ९४ डिग्री दाखवले आणि मी स्वतःच बंद केलं. बाहेर ४३ होतं त्या दिवशी, खोलीत ३६. इथे ते परदेशातले व्हिडिओ कामाचे नाहीत, त्यांच्या खोलीत २२ असतं. प्रोसेसरचा टॉवर कूलर काय करतो, तर खोलीतल्या हवेपेक्षा अमुक डिग्री वर आणून ठेवतो, खोलीच तापलेली तर तो बिचारा काय करणार. त्यांच्याकडे ७५ दिसतं ते आमच्याकडे ८९ दिसतं, तोच कूलर, तेच सेटिंग. आणि तोच प्रोसेसर गरम झाला की त्याच स्पीडला त्याला जास्त व्होल्टेज लागतं, म्हणजे अजून गरमी. पार्टनर बाजूला बसून बघत होता, म्हणाला, "भो, भरीत करतोय का याचं?"

म्हणून खाली. आणि खरी मजा इथून सुरू झाली हे मला आधी कोणी सांगितलं असतं तर माझी दोन आठवडे झोप वाचली असती. मल्टिप्लायर ३९.५ वर आणला आणि ठरवलं की आता स्पीड हलवायचा नाही, व्होल्टेज किती कमी होतं ते बघायचं. १.३ पास. १.२८७५ पास. १.२७५ पास. एक पायरी ०.००६२५ ची असते, ढीगभर पायऱ्या आहेत, प्रत्येक पायरीला आधी अर्धा तास प्राइम, मग पुढे. १.२५ ला विसाव्या मिनिटाला परत ते ०.५. मग दोन पायऱ्या वर, १.२६२५.

मध्ये एक लोड-लाइन कॅलिब्रेशनचं सेटिंग आहे त्यात एक रात्र गेली. प्रोसेसरने एकदम जोर लावला की व्होल्टेज थोडं खाली पडतं, गावात संध्याकाळी सगळ्यांनी मोटारी लावल्या की बल्ब मंद होतो तसंच. ते किती पडू द्यायचं हे यात ठरवतात. आणि कुठल्या कंपनीच्या बोर्डात १ म्हणजे सगळ्यात कडक, कुठल्यात १ म्हणजे सगळ्यात ढिलं, त्यामुळे दुसऱ्याचा आकडा उचलून टाकू नका. मी मधलं ठेवलं. सगळ्यात कडक ठेवलं तर लोड सुटताना व्होल्टेज वर उसळी मारतं म्हणे, नको ते.

शेवटची परीक्षा रात्रभर प्राइम अशी ठरवली होती. पहिल्या रात्री तीन तास झाले आणि लाईट गेली. यूपीएसने प्राइमचा लोड बघून चार मिनिटांत माघार घेतली. दुसऱ्या रात्री सव्वापाच तास, परत लाईट. तिसऱ्या रात्री पूर्ण आठ तास, बारा खिडक्या, एकही एररची ओळ नाही, जास्तीत जास्त ७४ डिग्री, आणि निदान चार डिग्री कमी केल्या त्या वाळ्याच्या कूलरने, जो बायकोने माझ्या खोलीच्या दारात वळवून ठेवला होता. कॉम्प्युटरसाठी नाही, माझ्यासाठी. मी दुरुस्ती केली नाही.

सिनेबेंच २९२६. लग्नाचा व्हिडिओ १ तास ३७ मिनिटं. म्हणजे ४.१ आणि ३.९५ यात तीन मिनिटांचा फरक, त्या तीन मिनिटांसाठी मी १५ डिग्री आणि एका नवरदेवाचा गाल घालवला होता. त्या पार्टीला नवीन पेनड्राइव्ह घरी नेऊन दिला, सोबत फोटोंचा एक छोटा अल्बम फुकट. नवरदेवाच्या आईने चहा दिला आणि विचारलं नेमकं काय झालं होतं. काय सांगणार? मशीन गरम झालं होतं म्हटलं.

बायोसमध्ये प्रोफाइल सेव्ह करता येतात, नाव द्यायला जागा असते. एक केलंय ३.९५ वालं, त्याला मे नाव दिलंय. दुसरं रिकामं ठेवलंय, त्याचं नाव डिसेंबर. आपल्याकडे तेव्हा पहाटे खोलीत १६-१७ असतं, ४.०५ ला १.३ देऊन बघायचा विचार आहे. प्राइम आठ तास. आणि इन्व्हर्टरला नवीन बॅटरी टाकल्यावर.